गाणं वाजत असताना लागलेलं लग्न

रोम, ७ मार्च १९६६

प्रिय आत्या,

आधी कबुली देते, खुशाली नंतर. चित्रपटांच्या अभ्यास-संस्थेत काम मिळालं, असं मी बाबांना कळवलं होतं. तशी संस्था रोममध्ये आहे, पण त्यांनी मला दाराच्या आतही घेतलं नाही. मी काम करते ते एका गाण्याच्या सिनेमात.

इथे आधी गाणं येतं. ते खपलं की त्याच्याभोवती सिनेमा शिवतात, जसं तू एखादं चांगलं बटण सापडलं की त्याच्यासाठी झगा शिवावास तसं. आमचं बटण म्हणजे रिकी फियोरे याचं 'तू आली नाहीस, आइस्क्रीम वितळलं'. गाणं तीन मिनिटांचं, सिनेमा दीड तासाचा. सगळं अठरा दिवसांत उरकायचं, कारण उन्हाळ्यापर्यंत लोक गाणं विसरतील ही सगळ्यांना भीती. रिकी सैन्यात भरती झालेला आइस्क्रीमवाला आहे. मुलीचा बाप कर्नल. कर्नल चिडला की रिकी गातो, आणि कर्नल आइस्क्रीमसारखाच विरघळतो. मी दिग्दर्शक स्कार्पेत्ती यांना विचारलं, की या सिनेमात एकही माणूस काम करताना का दिसत नाही? ते म्हणाले, "तू करतेयस ना, तेवढं पुरे."

माझं काम वहीचं. प्रत्येक शॉटमध्ये कोणी काय घातलं होतं, कोण काय म्हणालं, आइस्क्रीमचा कोन कुठल्या हातात होता आणि तो किती वितळला होता, हे लिहून ठेवायचं. मी प्रबंध लिहिला तो परदेशी गेलेल्या मजुरांच्या पत्रांवर.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट ऐक. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेतच नाहीत. नंतर बंद खोलीत भलतेच लोक पडद्यावरच्या ओठांना आवाज देतात. म्हणून ज्याला संवाद पाठ नसेल तो खुशाल आकडे म्हणतो. काल नायिकेने डोळ्यांत पाणी आणून "एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस" म्हटलं आणि कर्नल तिच्यावर "अठ्ठ्याण्णव" म्हणून ओरडला. आपल्या घराण्यातली पहिली पदवी यासाठीच होती का?

तूरिनच्या शिवणकारखान्याला नोकरीचं काय कळवलंस? जा, आत्या. जूनअखेरपर्यंत ते जागा धरून ठेवतील, पुढे नाही. तुझा साखरपुडा झाला तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आज तेवीस वर्षांची आहे. व्हितान्तोनियोकाका चांगला माणूस आहे हे मी नाकारत नाही. पण चांगल्या माणसाची किती वाट बघायची यालाही काही सीमा असावी.

बाबांना यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
एर्सीलिया

ता. क. दिग्दर्शकांना पायऱ्यांचं चर्च असलेलं गाव हवं होतं. मी आपल्या गावाचं नाव सांगून बसले.


पिएत्रास्कूरा, १५ मार्च

एर्सीलिया पोरी,

तुझ्या बापाला, कानियोला, नाताळपासून माहीत आहे. तू पाठवलेल्या पोस्टकार्डावर मागे स्टुडिओचं नाव छापलेलं होतं, आणि आपला पोस्टमन कार्डं वाचल्याशिवाय देत नाही. कानियो आठवडाभर गप्प होता. मग बारमध्ये जुकबॉक्सवर ते आइस्क्रीमचं गाणं आलं. आता चुना कालवताना तेच गुणगुणतो, आणि मी जवळ गेले की खोकतो.

तुझ्या सिनेमात कोणी काम करत नाही म्हणून तुला वाईट वाटतं. बाई, आम्ही दिवसभर कामच बघतो. तिकीट काढून परत तेच बघायचं?

आता व्हितान्तोनियो. दर गुरुवारी आणि रविवारी सहाला येतो, चुलीजवळच्या खुर्चीत बसतो, आठला टोपी घालतो. सतरा वर्षांत एकदा उशीर झाला, तोही बर्फामुळे. गावातली सगळी घड्याळं दुरुस्त करतो आणि स्वतःच्या लग्नाची तारीख तेवढी त्याला लावता येत नाही. कारण तेच, त्याची आई. दोन्ना तेओदोराला फेब्रुवारीत तिसऱ्यांदा, मरणाऱ्याला लावतात ते अखेरचं तेल लावलं. आपला पाद्री डॉन इप्पोलितो प्रार्थना संपवून मान वर करतो, तर ती विचारते, तळलेल्या मिरच्यांचा वास कुठून येतोय, आणि येतोय तर मला का देत नाही. अशा बाईला सून सहन होणार नाही, धक्क्याने जाईल, असं तिचा मुलगा म्हणतो.

लग्नाचा झगा पेटीत आहे. सत्ताविसाव्या वर्षी शिवला, चारदा उसवून बेतला. दरवेळी कमरेतच सोडावा लागतो.

तूरिनला अजून काहीच लिहिलं नाही. नाही लिहिणं सोपं आहे आणि हो लिहिणंही सोपं आहे. मला आधी एकाच माणसाकडून एक शब्द ऐकायचा आहे. मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर गाडी आहेच.

सिनेमावाल्यांना घेऊन ये. पण ईस्टर उलटल्यावर. उपासाच्या दिवसांत खोटं लग्नही चर्चमध्ये लावू देणार नाही, असं डॉन इप्पोलितोने बजावलंय.

तुझी आत्या,
अद्दोलोराता


रोम, ३० मार्च

प्रिय आत्या,

एक विजय कळवते.

सिनेमाच्या शेवटी लग्न हवं, नाहीतर प्रेक्षक खुर्च्या सोडत नाहीत. पण रिकीचं लग्न दाखवायला रेकॉर्ड कंपनीची मनाई आहे. तो पडद्यावर जरी बोहल्यावर चढला, तरी मुली रेकॉर्ड घेणार नाहीत म्हणे. तेव्हा लग्न दुसऱ्याच कोणाचं तरी लागेल, आणि रिकी वर ऑर्गनपाशी उभा राहून गाईल. त्यासाठी दोन विनोदी नट आणायचं चाललं होतं. मी उभी राहिले आणि म्हणाले, की निदान एका दृश्यात तरी खरी माणसं असू द्या. कष्टाने हात खरबरीत झालेली खरी शिंपीण, खरा घड्याळजी, खरा धर्मगुरू. मी दहा मिनिटं बोलले. स्कार्पेत्ती म्हणाले, "खरी माणसं स्वस्त पडतील का?" मी हो म्हटलं, आणि ते लगेच तयार झाले.

तेव्हा तू आणि व्हितान्तोनियोकाका. नाही म्हणू नकोस. तो झगा एकदा तरी उजेडात येईल. बोलायचं काहीच नाही. ओठ हलवायचे, आकडे म्हणायचे. गाणं मोठ्याने लावलेलं असेल, कोणाला काही ऐकू जाणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच पडद्यावर काहीतरी खरं येईल, आणि ते माझ्यामुळे.

तुझी,
एर्सीलिया


पिएत्रास्कूरा, २७ एप्रिल

एर्सीलिया,

तुमचा ट्रक बुधवारी संध्याकाळी वळणाआड गेला. गुरुवारी सकाळी डॉन इप्पोलितो माझ्या दारात उभा. चेहरा कणकेसारखा. म्हणाला, "अद्दोलोराता, रात्रभर डोळा लागला नाही. मी तुमचं लग्न लावलं की काय?"

झालं असं. त्याला आकडे म्हणायला सांगितलं होतं. पण चाळीस वर्षं त्या जागी उभा राहून जो माणूस एकच गोष्ट म्हणत आलाय, त्याच्या तोंडून आकडे कुठून येणार? अंगात वस्त्र, पुढे नवरानवरी, दोन साक्षीदार. त्याने नावं घेऊन दोघांना रीतसर विचारलं, शेवटचा आशीर्वादही दिला. तुमच्या त्या कर्ण्यातून आइस्क्रीम इतकं मोठ्याने वितळत होतं, की आम्ही काय उत्तर दिलं ते त्याला ऐकू आलं नाही. त्याने बिशपच्या कचेरीला लिहिलंय. तिथून उत्तर आलं, की दोघं मनापासून हो म्हणाले का, हे आधी कळवा.

आता गावात दोन पक्ष आहेत. बारच्या आतले म्हणतात लग्न झालं, बाहेरच्या बाकावरचे म्हणतात नाही झालं. माझ्याबद्दल कोणालाच शंका नाही. अद्दोलोराता हो म्हणाली असणार, ती काय संधी सोडते, असं माझ्या तोंडावर बोलतात. भांडण आहे ते त्याच्याबद्दल. जो भेटेल त्याला तो एवढंच सांगतो, "मला आकडे म्हणायला सांगितले होते." पुढे एक शब्द नाही. आणि गुरुवारी तो आला नाही. रविवारीही नाही. सतरा वर्षांत खुर्ची पहिल्यांदा रिकामी. तुझ्या बापाने त्या दिवशी दोनदा दार उघडून रस्त्यावर पाहिलं.

दोन्ना तेओदोरा पलंगावरून उठून खिडकीत बसली आहे. आजारपण विसरली.

पोरी, तू कॅमेऱ्याला चिकटून उभी होतीस. कोण काय म्हणालं ते सगळं तुझ्या वहीत असतं, असं तूच लिहिलं होतंस. काय लिहिलंय?

आत्या


रोम, ३ मे

प्रिय आत्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं, मग वही काढली. जे आहे ते जसंच्या तसं उतरवते.

टेक पहिला: नवरी एक ते नऊ. नवरा एक ते सहा, मग शिंकला. बाद.

टेक दुसरा: नवरी एक ते नऊ. नवरा एक ते अकरा. रिकी गाण्याच्या मागे पडला. बाद.

टेक तिसरा: चांगला. हाच घ्यायचा.

तिसऱ्यापुढे आणखी काही नाही. एक डाग आहे फक्त. आत्या, मी रडत होते. असले सिनेमे बघून रडलो असं पत्रांत लिहिणाऱ्या मजुरांवर मी प्रबंधात अख्खं प्रकरण लिहिलं आहे, आणि तू त्या झग्यात, काका त्या घट्ट कॉलरमध्ये, वरून तो मूर्खपणा वाजतोय, आणि मला समोरचं काही दिसेना. नोंद ठेवण्यासाठी मला ठेवलं होतं, आणि आयुष्यात जी एकच नोंद महत्त्वाची होती तीच मी ठेवली नाही.

पण तू मला विचारतेस हे मला समजत नाही. तू त्याच्या शेजारी होतीस. तुला ऐकू आलं नाही?

या महिन्याच्या शेवटी आवाज भरायचं काम आहे. तेव्हा तो तुकडा मोठ्या पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरेल. जे दिसेल ते मी तुला खरं सांगेन. पण त्याआधी एक विचारते. तुला काय निघालेलं हवं आहे?

एर्सीलिया


पिएत्रास्कूरा, १० मे

एर्सीलिया,

कर्णा माझ्या डोक्यावर होता. मला माझंही ऐकू येत नव्हतं. आणि नवरीने मान खाली घालायची असते, तशी मी घातली होती.

काय हवं ते विचारतेस. सिनेमाने लावलेलं लग्न मला नको. कॅमेऱ्याने पकडून दिलेला नवरा तर नकोच. पोरं अंजिरं चोरताना सापडतात तसा सापडलेला नवरा घेऊन मी काय करू? तो आकडे म्हणाला असेल तर आकडे सांग. मी तीस जूनच्या आत तूरिनला हो कळवते आणि झगा तिकडे कोणाला तरी विकते. पण तो हो म्हणाला असेल, तर तेही सांग. माझ्या भल्याचं बघून खोटं लिहू नकोस. तुला मी वाढवलंय, तुझं खोटं मला अक्षरावरून कळतं.

माझ्या ओठांकडे बघत बसू नकोस. माझं सगळ्यांना माहीतच आहे.

अजून आलेला नाही. खुर्चीवर मांजर बसायला लागलं.

आत्या


रोम, २४ मे

प्रिय आत्या,

आज ते काम झालं. मी अजून त्याच खोलीतून लिहिते आहे.

सिन्योरा पाल्मिरा म्हणून एक बाई आहेत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ओठांना आवाज देत आल्या आहेत. राण्या, मोलकरणी, एकदा एक कुत्रीही. त्यांना आवाज लागतच नाही, ओठ पुरतात. तुमचा तुकडा पडद्यावर फिरत होता. मी त्यांना काही न सांगता फक्त विचारलं, की हा माणूस कुठला आकडा म्हणतोय?

त्या विणकाम करत होत्या. मान वर करून त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आकडा कुठला? हो म्हणतोय. अगदी नीट म्हणतोय. पाठ केलेली माणसं असं म्हणत नाहीत."

मी पुन्हा बघायला लावलं. सात वेळा. सातही वेळा तो हो म्हणाला, आत्या. आधी आठ-नऊ-दहा असं काहीतरी चाललं होतं, मग डॉन इप्पोलितो त्याच्याकडे वळले, आणि तो थांबला, आणि हो म्हणाला.

मी आनंदाने ओरडणार होते. तेवढ्यात पाल्मिराबाई विणकामाची सुई पडद्याकडे रोखून म्हणाल्या, "आकडा म्हणतेय ती नवरी."

मी त्यांना म्हटलं की हे शक्य नाही. त्या म्हणाल्या, बघ. मी पाहिलं. मान खाली होती, पण त्याने विचारल्यासारखं तुझ्याकडे पाहिलं तेव्हा तू ती वर केलीस. एकच आकडा म्हणालीस, थेट त्याच्या तोंडावर. सतरा.

माझ्या ओठांकडे बघू नकोस, असं तू का लिहिलं होतंस ते आता कळलं.

मी तुला सल्ले देत होते, की तू त्याला सोड. गावाने ठरवलं की तो पळपुटा. आणि तो महिनाभर सगळ्यांना सांगत राहिला, की मला आकडे म्हणायला सांगितले होते. आत्या, तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं सांगितलं होतं. तो तुला झाकत होता.

आता मला हे ठरवायचं आहे की तुझ्या तोंडी कुठला शब्द घालायचा. स्कार्पेत्तींना विनोद हवा आहे. नवरीने "एकदाचं झालं बाई" म्हणावं, असं ते म्हणतात. मी म्हटलं, माझ्या आत्याच्या तोंडी असलं वाक्य गेलं तर मी नोकरी सोडीन. ते म्हणाले, ठीक आहे, शुक्रवारपर्यंत दुसरं आण. पाल्मिराबाई म्हणतात, 'सतरा'ला ओठ जरा जास्त वेळ हलतात. नुसतं 'हो' घातलं तर पुरणार नाही, दोनदा म्हणावं लागेल.

शुक्रवारपर्यंत तार कर. आणि मला सांग, सतरा का?

एर्सीलिया


पिएत्रास्कूरा, ५ जून

एर्सीलिया पोरी,

तार मिळाली असेल. 'दोनदा म्हणू दे.' पोस्टातल्या मुलीने तीन वेळा विचारलं, एवढंच का. सतरा वर्षांनी एकदा म्हणून कुठे भागतं?

आता सतराचं. पहिल्या दोन टेकला मी शहाण्यासारखी एकपासून म्हटलं. तिसऱ्या वेळी डॉन इप्पोलितोने माझं नाव घेतलं, पूर्ण नाव, आईबापांसकट. मनात आलं, हे ऐकायला मी सत्ताविसाव्या वर्षी तयार होते. आणि आज ते का विचारतायत, तर आइस्क्रीमवाला वर गातोय म्हणून. माझा राग असा तोंडाशी आला, की दुसरा आकडाच निघेना. मला वाटलं तो आपले आकडे म्हणतोय. म्हटलं, घे, हाही एक घे.

तुझं पत्र आलं तेव्हा दुपारचे बारा. मी एप्रन न काढता त्याच्या दुकानात गेले. डोळ्याला भिंग लावून बसला होता. मी दार लावून घेतलं. बाहेर बाकावरचा पक्ष उठून उभा राहिला ते काचेतून दिसत होतं.

मी म्हटलं, "तू हो म्हणालास."

तो म्हणाला, "तू सतरा म्हणालीस."

"मला आकडे म्हणायला सांगितले होते."

"मलाही," तो म्हणाला. "दहापर्यंत गेलो. मग त्यांनी विचारलं आणि मला पुढचा आकडा आठवेना."

मी म्हटलं, मग खुर्चीवर यायचं का सोडलंस? तर म्हणतो, "तू बरोबरच बोललीस. देवासमोर बोललीस. वर कुठल्या तोंडाने येऊन बसू?" घड्याळाचा काटा केसभर हलला तरी त्याला दिसतं, माझे ओठ दिसणार नाहीत? आणि एवढं दिसूनही त्याने गावात एका शब्दाने सांगितलं नाही. लोक त्याला हसले, त्याने हसू दिलं.

मी म्हटलं, "इथे गाणं नाही. विचारायचं तर आता विचार."

त्याने डोळ्याचं भिंग काढलं आणि विचारलं. मी काय म्हटलं ते लिहीत नाही. पण आकडा नव्हता.

तिथून आम्ही दोघं तसेच त्याच्या आईकडे गेलो. तो सगळ्या वाटेत म्हणत होता, हळू सांगू, बसवून सांगू, आधी पाणी देऊ. दोन्ना तेओदोरा खिडकीतच होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सतरा वर्षं हा रोज सकाळी येऊन विचारतो, आई, जीव कसा आहे? आजारी पडले नाही तर पोराला काम काय? आई, लग्न करू का, असं एकदा तरी विचारलं?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुला तोंड नव्हतं?"

असं तिने मला विचारलं. तुझ्या आत्याला, एर्सीलिया. विचार कर.

डॉन इप्पोलितोने बिशपच्या कचेरीला कळवलं, की नवरा हो म्हणाला पण नवरी अंक म्हणाली, सबब लग्न झालेलं नाही. तिथून उलट टपाली कागद आला: पुन्हा लावा, आणि चर्चमध्ये सिनेमा नको. बारमधले आणि बाकावरचे दोघेही आपणच जिंकलो म्हणतात.

तूरिनला हो लिहिलं. दोघं येतोय, असं लिहिलं. त्याला म्हटलं, तिकडे तू काय करशील? म्हणाला, तिकडे घड्याळं बंद पडत नाहीत का? आईला त्याच्या धाकट्या बहिणीकडे ठेवतोय. म्हातारी खूश आहे, टिकटिक नसेल तर झोप लागेल म्हणते.

तुझ्या त्या सिनेमाबद्दल तुला लाज वाटते हे मला माहीत आहे. कर्नल खोटा, सैनिक खोटा, आवाज तर कोणाचाच खरा नाही. पण कोणी काही ऐकत नाही अशी खात्री झाल्यावरच आम्ही दोघं खरं बोललो. याच्यावर काही प्रबंध लिहिता येतो का ते बघ.

लग्न सोळा जुलैला, सकाळी दहाला, कार्मेलमातेच्या सणाला. झगा पाचव्यांदा उसवला आहे. तुझा बाप पायऱ्यांना चुना देतोय आणि आता खोकतही नाही, उघड गातो. चार दिवस आधी ये, बिस्किटं करायची आहेत. आणि वही घेऊन ये. या खेपेला आधी लिहून घे, मग रड.

तुझी आत्या,
अद्दोलोराता